ठेव बे खाली

लांजेवार काकांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते खालून. मी बाकावर उताणा, छातीवर लोखंडी बार, आणि तो बार वर जाईना की बाजूला होईना. डोक्याशी एक माणूस येऊन उभा राहिला. मला दिसत होत्या त्याच्या नाकपुड्या, पांढऱ्या मिशांची खालची बाजू आणि चहाच्या ग्लासाचं बूड. मी डोळ्यांनीच मदत मागितली. त्याने एक घोट घेतला.

"समजलं ना आता, किती पुरे होतं ते?"

मान हलवायची सोय नव्हती म्हणून मी पापण्या मिटून उघडल्या. मग त्याने उजव्या हाताने, एकाच हाताने, तो बार माझ्या छातीवरून उचलला आणि स्टँडवर नेऊन ठेवला. चहा सांडला नाही, लोखंड वाजलं नाही. बार तसा हलकाच होता हे मला नंतर कळलं. त्याच्या टोकांना मी लावलेल्या झाकणाएवढ्या प्लेटा पाहून तिथली पोरं पुढे कितीतरी दिवस मला 'झाकणवाले बाबूजी' म्हणत होती.

तो उजवा हात मला अजून दिसतो. पुढे त्याचं काय झालं ते माहीत असल्यामुळे जरा जास्तच दिसतो.

मी तेव्हा भिलाईच्या स्टील प्लांटच्या स्टोअर्समध्ये क्लार्क होतो. दिवसभरात पेलायचं सगळ्यात जड ओझं म्हणजे साहेबांचा स्वभाव. चाळिशी उलटली होती, पोट माझ्याआधी दारातून आत जायचं. एक दिवस गॅसचा सिलिंडर आला, मी तो उचलायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. बायकोने आधी सिलिंडर आत नेला, मग मला. कंबर सरळ झाली त्या दिवशी मी व्यायामशाळेची वाट धरली.

व्यायामशाळा म्हणजे आमच्या सेक्टरमधल्या हनुमान मंदिरामागची टिनाची शेड. लिलावात घेतलेल्या भंगारातून काकांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी सगळं सामान उभं केलेलं. जुन्या शाफ्टचा बार, जाड पत्र्यातून गॅसने कापलेल्या प्लेटा, पाइपांचे स्टँड. मे महिन्यात ते लोखंड फडक्याशिवाय धरता यायचं नाही. आरसा नव्हता. कोणी आरशाची गोष्ट काढली तर काका म्हणायचे की तो वाण्याच्या दुकानात असते, गिऱ्हाईक फसवाले.

दाराच्या आत सगळे 'बे'. आयटीआयचा पोरगा असो, नाहीतर एखादा बडा अधिकारी. मंदिराच्या पायरीवर काका मला हात जोडून विचारायचे, "बाबूजी, वहिनी बऱ्या हायेत ना?" आणि उंबरठा ओलांडला की पुढच्याच श्वासाला, "पोट आत घे बे."

त्यांचे वडील भंडाऱ्याकडची धानाची शेती भावांवर सोपवून नंदिनी नगरला चुन्याच्या दगडाच्या खाणीत आले होते. काका तिथेच वाढले आणि पुढे प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर झाले. रूळ बनतात त्या मिलमध्ये, वर टांगलेल्या केबिनमध्ये, त्यांचं आयुष्य गेलं. क्रेनच्या गर्डरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, किती टनांपर्यंत उचलायचं. काका म्हणत, "तो आकडा क्रेनची ताकद नाही बे, क्रेनची इज्जत हाय." एकदा शिफ्टच्या साहेबांना माल लवकर हलवायचा होता. त्यांनी आकड्याच्या वरचा गठ्ठा एका खेपेत उचलायला सांगितला. काकांनी क्रेन बंद केली, शिडीने खाली उतरले आणि डबा उघडून जेवायला बसले. साहेब ओरडत राहिले. काका म्हणाले, तुम्ही चढा, मी खालून पाहतो. त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. तो त्यांनी कधी लपवला नाही, कधी मिरवलाही नाही. विचारलं तर म्हणायचे की भाजी थंडी होऊन राहिली होती.

व्यायामाचं त्यांचं सगळं शास्त्र याच केबिनमधून उतरलेलं होतं. "मांसाले निरोप द्याचा असते," ते सांगायचे. "एकदा नीट दिला का तो रातभर काम करते. दहादा दिला तं चिडते." म्हणून शेडमध्ये प्रत्येक व्यायामाचे सेट मोजके. सेट म्हणजे न थांबता केलेली एक खेप. ती करताना आपल्याला वाटावं की अजून एकदोनदा तर सहज जाईल वर, आणि नेमका तेव्हाच मागून आवाज यायचा, "ठेव बे खाली." ठेवायचं तेही आवाज न करता. लोखंड वाजलं तर तो सेट काका हिशेबात धरत नसत. म्हणायचे, उचलते तं हमालही. ठेवून दाखव.

मला हे पटायला माझ्या मूर्खपणाची मदत झाली. काका एका लग्नासाठी जुनवानीला गेले होते, तो दिवस साधून मी शेडमधलं सगळं सामान एका दमात संपवलं. जे जे दिसलं ते उचललं, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका साहेबांचा निरोप समारंभ होता आणि हार घालायचं काम माझ्याकडे. साहेब उंच. माझे हात छातीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मी हार धरून उभा, साहेब वाट पाहत उभे, फोटोवाला उभा. शेवटी साहेबांनीच कमरेत वाकून आपलं डोकं हारात घातलं. तो फोटो अजून सेक्शनमध्ये आहे. त्यात आयुष्यभराची सेवा संपवून एक अधिकारी माझ्या पोटाला नमस्कार करतो आहे.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "काम व्हायचं ते पहिल्या खेपेतच झालं होतं. बाकीचं कोणाले दाखवत होता?"

त्यानंतर मी त्यांचा इतका कट्टर शिष्य झालो की काही करायचंच सोडलं. एक सेट, मग पाण्याची बाटली, मग राजकारण. काकांनी काही दिवस पाहिलं आणि एका संध्याकाळी सगळ्यांसमोर माझ्यासाठी खुर्ची मागवली. "बाबूले बसाले द्या रे. त्याचा निरोप पत्राने जाते." थोडं म्हणजे काहीच नाही असं नसतं, हे मला त्या खुर्चीवर बसून समजलं.

काकांच्या शास्त्राला विरोध करणारा एकच माणूस होता, आणि तो त्यांच्याच घरात जेवायचा. त्यांचा मुलगा मंगेश. इंजिनिअरिंग करून तो नेहरू नगरच्या एका एसी जिममध्ये ट्रेनर झाला. इंजिनिअरिंग वाया गेलं याचं काकांना दुःख नव्हतं. पोराने लोखंड धरलं आणि ते बापाच्या शेडमधलं नाही, याचं होतं. मंगेश घरीही अर्धा हिंदीत बोलायचा. रविवारी शेडमध्ये आला की बापलेकांची जुंपायची आणि आम्ही सगळे बार टेकवून ऐकत बसायचो.

मंगेशचं म्हणणं असं की नव्या माणसाला थोडं पुरतं, बाबूजींसारख्याला तर एका सेटमध्ये फरक पडतो. पण शरीर एकदा शिकलं की तेवढ्याने ते हलत नाही. मग आठवड्याचं काम वाढवावंच लागतं. "वॉल्यूम बढ़ाना पड़ता है, बाबा. जास्त सेट, जास्त वाढ. एका हद्दीपर्यंत."

"हद्द कोण पाह्यते?"

"बॉडी बताती है ना. झोप, भूक, दुखणं."

"मंग मी काय सांगून राहिलो?"

मला तेव्हाही वाटायचं की दोघं एकच गोष्ट सांगताहेत. एक हद्दीच्या अलीकडे उभा राहून, दुसरा तिच्या जवळ जाऊन. पण असं मधे बोललो की दोघंही माझ्या पोटाकडे पाहायचे, त्यामुळे मी बोलत नसे. मंगेश गेल्यावर काका हसायचे. म्हणायचे, पोट्टं विकते ते बरोबर विकते. लोकाले कमी कोण घेते?

रिटायर झाल्यावर काका शेडमध्ये जास्त वेळ बसू लागले. एका उन्हाळ्यात ते पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून यायला लागले. भिलाईच्या उन्हाळ्यात, टिनाखाली. आम्हाला वाटलं, म्हातारपणी थाट सुचला. मी तर बायकोला येऊन सांगितलं की काकांसाठी कुठे दुसरेपणाचं स्थळ बघताहेत की काय. मग एकदा त्यांच्या हातून चहाचा ग्लास सुटला. मग चुन्याची डबी. एकदा मंदिराच्या पायरीवर चप्पल उचलताना त्यांची बोटं चपलेवरून नुसती घसरत राहिली, आणि त्यांनी इकडेतिकडे पाहून ती पायानेच सरकवली. मी पाहिलं हे त्यांना कळलं. उंबरठ्याच्या बाहेर होतो तरी म्हणाले, "काय पाह्यतं बे?"

आता विश्वकर्मा पूजेबद्दल सांगावं लागेल. सप्टेंबरात त्या दिवशी प्लांटमध्ये हत्यारांची पूजा होते, घरोघरची माणसं आपल्या माणसाचं मशीन पाहायला आत जातात. आमच्या शेडमध्येही बार दोन विटांवर ठेवून त्याला झेंडूची माळ घालायचे, कुंकू लावायचे. त्या दिवशी लोखंडाला कोणी हात लावायचा नाही. लोखंडाचा आराम. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या वस्तादाने तोच कुंकवाचा बार सगळ्यांसमोर खांद्यावर घ्यायचा, एकदा डोक्यावर सरळ न्यायचा आणि आवाज न करता खाली ठेवायचा. मग शेड पुढच्या वर्षासाठी उघडली. ज्या सकाळी वस्तादाच्याने बार वर जाणार नाही, त्या सकाळी तो वस्ताद नाही. काकांनी शेड घेतली ती अशीच, त्यांच्या वस्तादाचा बार खांद्यावर अडला तेव्हा. ते सांगताना काका नेहमी म्हणायचे की वस्ताद त्यानंतर मंदिरामागच्या, शेडच्या गल्लीतून कधी गेले नाहीत, मंदिराला पुढून यायचे.

त्या वर्षी पूजा झाली, बुंदी वाटली, सगळे घरच्यांना घेऊन प्लांट पाहायला गेले. मीही निघालो, पण बुंदीचा डबा शेडमध्ये विसरलो आणि बायकोने अर्ध्या रस्त्यातून परत पाठवलं. ऊन पडलं होतं. शेडचं दार नुसतं लोटलेलं. मी ढकललं.

काका आत होते. माळ जमिनीवर पडली होती, तिच्यावर पाय पडून झेंडू चिरडला होता. बार त्यांच्या छातीशी होता, कुंकू बनियनला लागलेलं. शर्ट खिळ्यावर. तेव्हा मी तो हात पहिल्यांदा उघडा पाहिला. दंड उतरला होता. अंगठ्याच्या बुडाशी खड्डा पडला होता, मनगटापासून कोपरापर्यंत दोन हाडांच्या मधे नाली झाली होती. आणि कातडीखाली काहीतरी सारखं फडफडत होतं, उथळ पाण्यात मासोळी हलावी तसं. डावा हात मात्र जुनाच, भरलेला. एका माणसाला दोन माणसांचे हात लावल्यासारखं दिसत होतं.

"काका, आज तं लोखंडाची सुट्टी हाय."

"त्याची हाय. माही नाही."

त्यांनी बार वर ढकलला. उजवी बाजू मागे राहिली, डावी वर गेली, बार तिरपा झाला. खाली घेतला, लगेच पुन्हा. किती वेळ चाललं होतं कोणास ठाऊक. बनियन पिळून काढावं इतकं ओलं होतं. मी दवाखान्याचं विचारलं. ते म्हणाले, दवाखान्यात काय पाहतील, हात काय दवाखान्याचा हाय?

मग बार छातीशी धरूनच, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जिंदगीभर कमी केलं, बाबू. म्हणून सुकून राहिला. पोट्टं सांगत होतं तं मी हासलो त्याले. भुका राहिला हात माहा. आता देतो त्याले."

मला हार धरून उभा असलेला मी आठवलो. मी म्हटलं, "काका, ठेवा खाली."

त्यांनी तेव्हा पाहिलं माझ्याकडे. "तू सांगशील मले?"

आणि पुन्हा वर ढकलला.

मी डबा घेऊन बाहेर आलो आणि मंगेशला फोन लावत राहिलो. तो मिलच्या आत पाहुण्यांना बापाची क्रेन दाखवत होता. त्या आवाजात फोन कुठला ऐकू येतो. तो आला तोवर काकांनी माळ पुन्हा ओवून बारवर घातली होती, कुंकू नव्याने लावलं होतं आणि शर्टाची बटणं, चुकीच्या घरात का होईना, लावली होती. बापाने लेकाला सांगितलं की बाबूले ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड भरली होती. नारळ फुटला. काकांनी त्या दिवशीही शर्ट काढला नाही. वाकले, बार धरला. खांद्यापर्यंत आला. मंगेश माझ्या शेजारी उभा होता. काकांनी श्वास घेतला आणि ढकललं. डावा हात गेला. उजवा कपाळापाशी थांबला, थरथरला, आणि मग त्याची बोटं एकेक करून उघडली. रागावून नाही, दुखून नाही. कोणी सांगितल्यासारखी उघडली. मंगेशने झेप घेऊन काकांना बाजूला ओढलं आणि बार खाली पडला.

त्या शेडमध्ये मी पुष्कळ लोखंड पाडलं आहे. पण तसा आवाज कधी ऐकला नव्हता. मंदिरातली घंटा वाजवणारा माणूससुद्धा थांबला.

काकांनी बाही ओढून मनगटावर घेतली. तिचं बटण लावायला लागले. लागेना. आम्ही सगळे पाहत होतो आणि पाहत नाही असं दाखवत होतो. मंगेश पुढे झाला, बापाचा हात आपल्या हातात घेतला आणि बटण लावलं. मग काका निघाले. मागच्या गल्लीने नाही, पुढून.

बार कोणीतरी उचलायला हवा होता. पोरांनी मंगेशकडे पाहिलं. तो म्हणाला, "मैं नहीं," आणि झाडू घेऊन नारळाच्या करवंट्या गोळा करू लागला. त्या वर्षी शेड कोणी उघडलीच नाही. तशीच चालू राहिली.

नंतर मंगेशने मला एकदाच विचारलं, आदल्या दिवशी आराम केला असता तर एकदा गेला असता ना वर? मी म्हटलं, माहीत नाही. खरं म्हणजे मला वाटतं, गेला असता. एकदा. आणि त्या एकदाने पुढच्या कशातच फरक पडला नसता.

रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात मी सोबत गेलो होतो. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याने सांगितलं की दोष स्नायूंचा नाही. त्यांना हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. हा हात, मग तो, मग पाय, मग जीभ. कमी व्यायामाने हे होत नाही, जास्त व्यायामाने परत येत नाही; उलट थकलं तर जे आहे तेही लवकर दमतं. काकांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "तं किती सेट करू?"

डॉक्टर म्हणाला, रोजच्या कामापुरतं हलवा, थकू नका.

"हो. पण किती?"

डॉक्टरकडे आकडा नव्हता. त्याने मंगेशकडे पाहिलं, मंगेशने जमिनीकडे. दिवसभर लोकांना किती सेट करायचे ते सांगून पोट भरणारा तो पोरगा.

परतताना गाडी मंगेश चालवत होता. कुम्हारी गाव मागे पडल्यावर काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "तारच गेली तं क्रेन काय करन." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे कमी नोहतं पडलं." मला वाटलं, त्यांना बरं वाटलं असावं. मंगेशने तेव्हाच गाडी बाजूला घेतली आणि पाणी आणतो म्हणून उतरला. बराच वेळ आला नाही.

पुढचं डॉक्टरने सांगितलं त्याच क्रमाने झालं. मंगेशने जिम सोडलं आणि संध्याकाळची शेड धरली. सकाळी तो बापाला आंघोळ घालायचा. पोरं सांगत की नेहरू नगरवाला सर शेडमध्ये मागे उभा राहतो आणि मधेच म्हणतो, रख दे.

काका पुढच्या वर्षी दिवाळीआधी गेले. त्याआधी, विश्वकर्मा पूजेला, मी त्यांना शेवटचं पाहिलं. मंगेशने त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं, मागच्या गल्लीने, आणि खुर्ची उंबरठ्यावरून उचलून आत घेतली. बार विटांवर होता, माळ घातलेली. पूजा वस्तादाच्या हातून व्हायची होती, आणि काकांच्या जागी दुसरा वस्ताद झालाच नव्हता. मंगेशने कुंकवाची वाटी धरली आणि मला म्हणाला, बाबूजी, हात तुम्ही धरा.

मी खाली बसलो, दोन्ही हातांनी त्यांचा उजवा हात धरला आणि उचलला. मला वाटलं होतं जड असेल. सगळं आयुष्य मला सगळंच जड वाटत आलं आहे. मी जोर लावला आणि हात भलताच वर गेला, भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसा. कुंकू काकांच्या मिशीला लागलं. एक पोरगं हसलं आणि गप्प झालं.

मग मी सावकाश त्यांचं बोट कुंकवात बुडवून बारला टेकवलं. एक टिळा. बारला झाला, म्हणून पहिल्या प्लेटीला. मग दुसऱ्या. मला ते जमायला लागलं होतं. मी पुढच्या प्लेटीकडे वळलो तेव्हा काकांच्या गळ्यातून काहीतरी आलं. मंगेशने वाकून विचारलं, काय म्हणाले? शब्द असे नव्हतेच त्यात. पण ते मी इतक्या वेळा ऐकलं होतं, पाठीमागून, अजून एकदोनदा तर सहज जाईल असं वाटत असताना.

ठेव बे खाली.

मी हात मांडीवर नेला. घाई न करता, शेवटच्या बोटापर्यंत सोबत जाऊन, त्यांनी शिकवलं होतं तसा. ठेवला. आवाज झाला नाही.

काकांना आता मान हलवायची सोय नव्हती. त्यांनी पापण्या मिटल्या आणि उघडल्या. सेट धरला होता.